नातीच्या पुस्तकातली गाठ

सन दोन हजार चोवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत बसायच्या वर्षी मी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याची, दोरी ओढायला गेलो. मास्तर घरी बोलवायला आले तेव्हा माडावर चढून बसलो आणि ते वाडीबाहेर जाईपर्यंत खाली उतरलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी एक अख्खं पुस्तक वाचल्याचं लिहिणार आहे, आणि आमच्या वाडीत अजून दोघे-तिघे आहेत ज्यांना ते खरं वाटत नाही. त्यांनी घरी यावं. म्हणतील ते पान वाचून दाखवीन. हळू वाचीन, पण वाचीन.

पुस्तक माझ्या नातीचं. तिने स्वतः लिहिलेलं.

नात म्हणजे मुलाची मुलगी. मुलगा आणि सून मुंबईला नोकरीत, म्हणून ही दहावीपर्यंत आमच्या दोघांकडे वाढली. आता पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पगार चांगला, पण सुट्टीच्या दिवशी घरात बसून कॉम्प्युटरवर लढाया खेळते. खोलीत काचेच्या कपाटात बाहुल्या ठेवल्यात, त्या खेळायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. चित्रांची पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवते, वाचून झाली तरी. मी एकदा पुण्याला गेलो होतो तेव्हा एका बाहुलीचा हात वर केला, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

दिवाळी झाल्यावर ती तीन आठवड्यांची रजा काढून आली. पुण्याहून आली की पहिले दोन दिवस ती पुस्तकी बोलते, मग पेज पोटात गेली की जीभ थोडी सैल होते. त्या खेपेला सैल झाली नाही. पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि लिहायची काहीच नाही. मी समोर फाटकं जाळं टांगून शिवत असे. रापण आता माझ्याने ओढवत नाही, पण किनाऱ्यावरची माणसं अजून जाळी माझ्याकडे आणून टाकतात, कारण माझ्या हाताची गाठ सरकत नाही. सरकली असेल तर दाखवा.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय झाला गो? नोकरी गेली?"

"नाही."

"मगे तोंड कित्याक असा?"

तेव्हा तिने सांगितलं. तीन वर्षं रोज थोडं थोडं करून तिने एक खुनाचं पुस्तक लिहिलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशक बाईंना ते आवडलं होतं, पण पूर्ण नाही. बाईंचं म्हणणं, गोष्ट चांगली आहे, पण नायिका कोणाला आवडणार नाही. तिला जरा गोड करा. तिची आई लहानपणी वारलेली दाखवा, घरात एक मांजर द्या, आणि जिथे जिथे ती लोकांशी वाकडं बोलते ती सतरा ठिकाणं काढून टाका. महिनाअखेरपर्यंत तसं करून दिलं तर छापू. नाही तर राहू द्या.

"आणि तू काय करतलंस?"

"करीन म्हणते. तीन वर्षं गेलीत आबा. दुसरं कोणी विचारलेलं नाही."

"कशी आसा ती पुस्तकातली बाय?"

ती कशी आहे ते नातीने मला सांगितलं. शहरात एक मोठा हॉल असतो, तिथे दोन दिवस मेळा भरतो. नोकऱ्या करणारी मोठी मोठी माणसं चित्रांच्या पुस्तकांतले आणि खेळांतले वेष घेऊन येतात. कोणी राक्षस, कोणी पंखांची राणी. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. आमच्याकडे जत्रेला दशावतारात तोंडाला रंग लावून मोठी माणसंच उभी राहतात, त्यांना कोणी विचारत नाही की तुला घरात काम नाही का. तर त्या मेळ्यात एका म्हाताऱ्याचा खून होतो. त्याच्याकडे जुनी, कुठे न मिळणारी चित्रपुस्तकं असतात. नायिका तिथे वायरी जोडायच्या कामाला असते. तिला सगळे खेळ पाठ. कोणी काही चुकीचं बोललं की मध्येच तोंड घालून सुधारते. कोणाला नमस्कार करत नाही. दुसऱ्याच्या पुडीतले वेफर्स न विचारता खाते.

"बरी आसा," मी म्हटलं. "बदलू नको."

"बरी? खून झालेल्याची बायको रडत असते, तिला ही त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड विचारते, आणि वर काय सांगते माहीत आहे? म्हणते, रडून पासवर्ड आठवत नाही."

"मगे, आठवता?"

आतून आमची म्हातारी म्हणाली, "तेंका ती बरीच वाटतली. सख्खी भयण शोभता तेंची!"

नात हसली. आल्यापासून पहिल्यांदा. पण लगेच म्हणाली, "आबा, तुम्ही वाचलेलं नाही. न वाचता मत देऊ नका."

हे मला लागलं. बोलणारी नात होती, आणि तिचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "मी वाचतलंय. आणि तुझो खुनी शेवटच्या पानाच्या आधी धरून दाखवतलंय. धरलंय तर त्या बायेक हात लावूचो नाय. जशी आसा तशी."

"आणि नाही सापडला तर?"

"तर पुण्याची बाई सांगता तसा कर. मांजर दी तिका."

ती म्हणाली, माझे पाच मित्र आहेत, खुनाची पुस्तकं खाऊन जगतात, त्यातल्या एकालाही सापडला नाही. मी म्हटलं, ते पाच मित्र माझ्यासमोर आण, जाळं शिवून द्या म्हणावं. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण बोलायला काहीतरी लागतं. शेवटी तिने हात पुढे केला आणि मी तिच्या हातावर हात मारला. शब्द झाला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने कसालला जाऊन सगळं छापून घेऊन आली. अक्षरं मोठी करून आणली होती, माझ्या डोळ्यांसाठी. शेवटची दोन प्रकरणं मात्र काढून स्वतःकडे ठेवली. बाकीची एकशे ऐंशी पानं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांवर जाळ्याला बांधायची शिशाची वजनं ठेवली आणि बसलो.

आता माझं वाचणं कसं ते सांगतो. मी बोट ठेवून वाचतो. अक्षर अक्षराला जोडतो, शब्द झाला की तोंडाने म्हणतो, मग पुढच्यावर जातो. एक पान व्हायला वाडगाभर पेज निवेल एवढा वेळ. तिच्या मित्रांनी हे पुस्तक एका बैठकीत वाचलं होतं. मला बारा दिवस लागले. मध्ये मध्ये अडायचो. "सर्व्हर म्हणजे काय गो?" "लेव्हल म्हणजे काय?" ती सांगायची. काही कळायचं, काही तसंच पुढे ढकलायचो, वाळूतल्या दगडाला वळसा घालून जाळं ओढतात तसं.

चहाच्या टपरीवर बातमी गेली होती. माझ्याबरोबर पन्नास वर्षं रापण ओढलेला एक दोस्त आहे, तो मला बघून ओरडला, "काय रे, परीक्षेक बसतंस? ह्या वर्षी चौथीत घालतले तुका?"

"तू पयलीत तीन वर्षां होतंस," मी म्हटलं, "तू गप ऱ्हव."

"पुस्तक सुलटा धरतंस मां?"

"तुझ्या तोंडार शिरा पडो," म्हटलं, आणि चहा न घेताच घरी आलो. वाचायचं होतं.

आणि खरं सांगतो, मला ती पुस्तकातली बाई आवडली. नातीचं लिहिणं म्हणून नव्हे. मेळ्यात सगळे एकमेकांना गोड गोड बोलत होते आणि प्रत्येकजण काही ना काही लपवत होता. ही एकटी कोणाला हो म्हणत नव्हती. पोलीस म्हणाले, खोली आतून बंद, म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःच जीव दिला. ही म्हणाली, "तुम्ही नीट बघितलं नाही." पोलिसाला तोंडावर. मी मांडीवर थाप मारली. पानावर नातीने लाल खूण केली होती. प्रकाशक बाईंनी काढायला सांगितलेल्या सतरा ठिकाणांतलं ते एक.

ती खोली अशी होती. हॉलमध्ये जुन्या गलबताचा देखावा केलेला. म्हाताऱ्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी. वर एक मोठा झरोका, त्याला काच नाही, शोभेसाठी मासेमारीचं खरं जाळं ताणून बसवलेलं. जाळं अखंड. मग माणूस आत गेला कुठून आणि बाहेर आला कुठून? पोलीस खालून बघून गेले. नायिका खुर्चीवर खुर्ची ठेवून चढली, जाळ्याला नाक लावलं, आणि तिला दिसलं की एका कोपऱ्यात दोरा नवा आहे. कोणीतरी जाळं कापून आत उतरलं, काम उरकून बाहेर आलं, आणि कापलेलं जाळं परत विणून ठेवलं.

हे वाचलं तेव्हा मी उठून पडवीतून दोन फेऱ्या मारल्या. माझं काम होतं ते! माझ्या नातीने माझं काम पुस्तकात घातलं होतं. पुढे गाठ कशी होती तेही तिने लिहिलं होतं, आणि नायिका म्हणते, मोबाइलवर बघून अशी गाठ येत नाही, हा लहानपणापासून शिकलेला हात आहे. मी ते पान म्हातारीला वाचून दाखवलं. ती मासे करत होती. म्हणाली, "बरा लिवल्यान. आता बाजूक सरा, सुरी लागात."

पण जेवायला बसलो तरी काहीतरी टोचत होतं. चपलेत खडा असतो तसं. जेवून उठलो आणि ते पान परत काढलं. लिहिलं होतं, फास उजव्या अंगाला टाकलेला आणि दोरा डाव्या अंगाने मागून आलेला. मी सुई घेतली आणि पानात बघून तशी गाठ घालायला लागलो. हात जाईना. सत्तर वर्षं मी दोरा डावीकडे टाकतो आणि सुई उजवीकडून मागे घालतो, ते बोटांना सांगावं लागत नाही. पानातली गाठ करायला गेलो की मनगट आडवं यायचं.

मग सुई डाव्या हातात घेतली. वाकडीतिकडी, पण झाली. अगदी पानात लिहिल्यासारखी.

मी मोठ्याने हसलो. केवढी हुशार पोर! खुनी डावखुरा आहे हे तिने एका ओळीत टाकून ठेवलं होतं, आणि ते जाळं विणणाऱ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. पाच मित्रांच्या बापालाही नाही.

त्यानंतर दोन दिवस मी पुस्तक पहिल्या पानापासून परत धरलं. गोष्ट वाचली नाही, नुसते हात वाचले. कोण कप कुठल्या हाताने उचलतो, कोण सही कुठल्या हाताने करतो. माझा संशय पोशाख शिवणाऱ्या बाईवर होता. ती समुद्राकडची होती, जाळ्याचे पोशाख करायची, आणि म्हाताऱ्याने तिला फसवलेलं होतं. पण तिच्या उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता. म्हणजे ती नव्हे. कंटाळून पुस्तक ठेवणार तेवढ्यात तिसऱ्या प्रकरणात सापडलं.

त्या मेळ्यात माइकवर बोलणारा एक गृहस्थ होता. भला माणूस. सगळ्यांना हसवायचा, सगळ्यांना आपल्या डब्यातलं द्यायचा. नायिका त्याच्या खुर्चीत जाऊन बसते आणि त्याचा माऊस उचलून दुसऱ्या बाजूला ठेवते. तो हसून म्हणतो, ताई, तो तिथेच राहू दे ना. ही म्हणते, "चुकीच्या बाजूला होता, मी बरोबर केला." तरी तो चिडत नाही. उलट गंमत सांगतो की मामाची होडी होती, सुट्टीत आम्ही जाळ्यात लोळायचो.

मी नातीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गो, ह्यो माऊस खंयच्या हाताक ठेवतत?"

"उजव्या. का?"

"काय नाय."

त्या पानावरही लाल खूण होती. प्रकाशक बाईंनी बाजूला लिहिलं होतं, इथे वाचक नायिकेला सोडून जाईल.

रजेचे तीनच दिवस राहिले होते. सकाळी पेज झाल्यावर मी नातीला पडवीत बोलावलं. म्हातारीलाही बोलावलं. साक्षीदार हवा होता.

"माइकवालो," मी म्हटलं.

नातीने नकाराची मान हलवली. "नाही आबा. चुकलात. पोशाख शिवणारी बाई."

मी म्हटलं, "न्हय ती. होवकच शकणा नाय."

"आबा, पुस्तक मी लिहिलंय."

"लिवलंस तू. पण काय लिवलंस ता वाच."

"माइकवाला नुसता फसवायला टाकलाय. त्याची होडीबिडी वाचकाने चुकीच्या माणसाकडे बघावं म्हणून. असं करतात." ती हसत नव्हती. तिला वाईट वाटत होतं, ते मला दिसलं. पैज मी हरलो तर तिची नायिकाही हरणार होती. "जाऊ दे आबा. तुम्ही अख्खं वाचलंत हेच खूप झालं."

असलं बोलणं मला कोणी केलेलं चालत नाही. मी गाठीचं पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "मोठ्यान वाच. मी करतंय."

ती वाचायला लागली. मी टांगलेल्या जाळ्यात उजव्या हाताने गाठ घातली, माझी रोजची. ती समोरच्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "बरोबर. हीच तर आहे. फास उजवीकडे."

"खंय उजवीकडे? डोळे फुटले काय? डावीकडे आसा."

"उजवीकडे आहे आबा!"

"माझो हात माका कळना नाय?"

म्हातारी दोघांकडे बघून कपाळाला हात लावून बसली. नात तणतणत उठली, पानं हातात घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहून म्हणाली, "घाला परत."

मी परत घातली. आणखी एक घातली. मी मान वळवून बघितलं तर तिने तोंडावर हात ठेवला होता.

"मी नेहमी समोरून बघितलंय," ती म्हणाली.

मला कळायला एक क्षण लागला. समोर बसलेल्या माणसाला माझं उजवं ते डावं आणि डावं ते उजवं. तिने लहानपणी जे बघितलं ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं आणि तीन वर्षं खपून पुस्तकात लिहिलं होतं. तिला डावखुरा बिवखुरा कोणी दाखवायचाच नव्हता. मला हुशारी वाटली ती चूक होती.

"बाजूला बसून बघितलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही बसू देत नव्हतात."

हे खरं आहे, म्हणून लिहितो. ती सात वर्षांची असेल. माझ्या बाजूला येऊन बसली आणि सुई मागायला लागली. मी म्हटलं, "चेडवाचा काम न्हय ह्या. उठ, थंय बस," आणि समोरची पायरी दाखवली. ती उठून तिथे बसली. दहावी होऊन पुण्याला जाईपर्यंत तिथेच बसत आली, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर आणि डोळे माझ्या हातावर. मला वाटायचं पोरगीला करमत नाही म्हणून बसते. मी चुकलो असं मी आजवर कोणाला बोललो नाही. त्या दिवशीही बोललो नाही. जाळ्यातली एक गाठ उगाच चाचपत राहिलो.

मग नातीने पानं भराभर चाळायला सुरुवात केली. तिसरं प्रकरण काढलं. माऊसचं पान. लाल खूण बघितली, आणि तिला हसू फुटलं. एवढं हसू की खाली बसली.

"आबा! हे पान तर त्या काढायला सांगत होत्या!"

"मगे?"

"मगे काय! मी हे नुसता तिचा तिरसटपणा दाखवायला लिहिलं होतं, आणि तो डावखुरा आहे हे ह्या एका पानात आहे. ही गोड असती तर तिने त्याच्या माऊसला हातच लावला नसता. वाकडी आहे म्हणून तर पुरावा सापडला!" ती मालवणीवर आली तशी मला कळलं की काम झालं. "तोच आसा आबा! माइकवालोच! माझ्या पुस्तकात खुनी कोण ता माकाच म्हायत नव्हता!"

"मी सांगलंय मां," मी म्हटलं.

म्हातारी म्हणाली, "झाला! आता चार दिवस तेंचे पाय जमनीक लागाचे नाय."

पैज कोण जिंकलं ह्यावर तिने थोडा वाद घातला. म्हणाली, मी लिहिला तो खुनी तुम्हाला सापडला नाही. मी म्हटलं, तू लिहिलास तो खुनी नव्हता. तिने लॅपटॉप उघडला.

दोन दिवस तिने शेवटची दोन प्रकरणं नव्याने लिहिली. जेवण पडवीतच. मला मध्येच हाक मारायची, "आबा, दोरा तोडताना दाताने तोडतात की ब्लेडने?" आणि मी सांगायचो. गाठ होती तशीच ठेवली, एक अक्षर बदललं नाही. शेवटी नायिका भर मंचावर त्या माइकवाल्याच्या हातात सुई आणि दोरा देते आणि म्हणते, विण. सगळे तिच्यावर ओरडतात, एवढ्या चांगल्या माणसाला काय छळतेस. ती हलत नाही. तो सुई डाव्या हातात घेतो.

प्रकरणं पुण्याला मेलने गेली. रजा आणखी दोन दिवस वाढवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नातीने फोन मोठ्या आवाजावर करून आमच्या दोघांमध्ये ठेवला.

बाई म्हणाल्या, "मी काल सगळं वाचलं. ते माऊसचं पान मीच काढायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"ते काढलं तर खुनीच सापडत नाही."

"नाही सापडत."

बाई म्हणाल्या, "बाकीची सोळा ठिकाणं तरी थोडी सौम्य करता येतील का?"

नात माझ्याकडे बघायला लागली. मी फोनजवळ सरकलो. ओरोसच्या जिल्हा कचेरीत साहेबासमोर बोलतो तसं बोललो. "नमस्कार बाई. मी तिचा आजोबा. शिक्षण तिसरी. मी पुस्तक दोनदा वाचलंय, बोट ठेवून. पुस्तकातली ती बाई तुमच्याकडे जेवायला यायची नाही. तिला खुनी धरायचा होता, तो तिने धरला. आणखी काय पाहिजे तुम्हाला तिच्याकडून?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "आजोबा, मला ती अजूनही आवडत नाही."

"नको आवडू दे. तिका काय पडलेली नाय." कचेरीतलं बोलणं तिथे सुटलं.

"तेही खरं," बाई म्हणाल्या. "असंच छापू. मांजर नको. सतराही ठिकाणं राहू देत."

फोन बंद झाला आणि नातीने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा जाळ्यात पडला. म्हातारीने डब्यातला खडखडे लाडू काढून तिच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "आता ह्या घरात हट्टी माणसां दोनाची तीन झाली. तुमी, ह्या चेडू, आणि ती पुस्तकातली." पण अर्धा लाडू माझ्याही हातावर ठेवला.

संध्याकाळी मी पानांचा गठ्ठा काखेत मारला आणि चहाच्या टपरीवर गेलो. जवळच्या वाटेने नाही, किनाऱ्याने, म्हणजे रापण ओढणाऱ्या सगळ्यांना गठ्ठा दिसला पाहिजे. टपरीवर बसून माऊसचं पान आणि गाठीचं पान अशी दोन पानं मोठ्याने वाचली. बोट ठेवूनच वाचली, मला लाज नाही. सहा-सात माणसं चहा विसरून ऐकत होती. मग माझा दोस्त म्हणाला, "पण ती बायल बोलता फाडफाड. कोण लगीन करतलो तिच्याशी?"

"तुका कोण विचारता?" मी म्हटलं. "गाठ समजली काय ती सांग."

त्याने हवेत हात हलवून गाठ घालून बघितली, आधी उजव्याने, मग डाव्याने. त्याच्या तोंडावर उजेड पडला. "अरे मेल्या!" म्हणाला. "डावरो आसा तो!" आणि माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पडवीत जाळं टांगलं आणि सुईत दोरा भरला. नातीची गाडी दुपारची होती. तिला हाक मारली. ती केस विंचरत आली आणि सवयीने समोरच्या पायरीवर बसली.

"थंय नको," मी म्हटलं. "हडे ये. माझ्या बाजूक बस."

ती आली. मी सरकून जागा केली आणि सुई तिच्या उजव्या हातात दिली. फास डावीकडे टाकायचा, सुई उजवीकडून मागे, हे तोंडाने सांगितलं आणि एकदा तिचं बोट धरून दाखवलं. तिने गाठ घातली. मी ओढून बघितली तर सरकली. ब्लेडने कापून टाकली आणि म्हटलं, "परत."